बाईंच्या वाचनकार्डांचा परवाना

"पान मुडपू नको गं, इकत आणलंय की," उचगावच्या शाळेच्या व्हरांड्यात एक आई लेकीला म्हणाली. मी सहज वाकून पाहिलं. रंगीत पुस्तक, आणि आत कांबळे बाईंची वाचनकार्डं.

यामागचं मी तोवर कुणाला सांगितलेलं नव्हतं. आईलाही नाही.

बाई इथं पहिलीला शिकवतात. मुलं घरी बोलतात त्याच बोलीत त्यांनी ती कार्डं लिहिली – 'म्हस हाय, रेडकू न्हाय' अशी. सगळ्या शाळांना ती फुकट मिळावीत म्हणून आमच्या छोट्या संस्थेच्या वेबसाइटवर मी चढवली. बाईंच्या अटी दोनच होत्या. कुणी विकायची नाहीत, आणि मुलांची बोली बदलायची नाही.

कार्डं कुणी कशी वापरायची हे ठरवणारा मुक्त परवाना निवडायचं काम माझ्याकडं आलं. का? मी इंग्रजी माध्यमातली – हिला कळतंय, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. मला कळत नव्हतं. सगळे पर्याय सारखेच वाटत होते, आणि विचारायची लाज वाटली. मुक्त म्हणजे फुकट, एवढंच समजून मी पहिल्या पर्यायावर क्लिक केलं. बाईंना म्हणाले, तुमच्या अटी घातल्यात.

पुढं कधीतरी, दुसऱ्याच कामासाठी, मी तो परवाना नीट वाचला. लेखकाचं नाव द्या, मग विका, बदला – सगळं चालेल. आणि ज्यांनी कार्डं आधीच घेतली, त्यांच्याकडून ही मुभा काढून घेता येत नाही. तेव्हा तरी बोलायचं होतं ना? मी वेबसाइटवर गुपचूप बाईंच्या अटींचा दुसरा परवाना लावला. कुणी घेतलीच नसतील, असं स्वतःला सांगत राहिले.

आणि आता हे पुस्तक. 'म्हैस आहे, रेडकू नाही' – आणि खाली बाईंचं नाव, शेजारी मी लावलेला तो पहिला परवाना. प्रकाशकाचं काहीच चुकलेलं नव्हतं.

बाई वर्गातून बाहेर आल्या. पुस्तक त्यांनी आधीच पाहिलं होतं. चोरट्याला सोडायचं न्हाय, मुख्याध्यापकांशी बोलणं झालंय, म्हणाल्या. मला खुर्चीत बसवलं, पुढं कोरा कागद ठेवला.

"तू शिकलेली हाईस. तक्रार तूच लिही, चांगली कडक लिही."

मी तारीख घातली. प्रकाशकाचं नावसुद्धा लिहिलं – हो, लिहिलं. मग पेन पुढं सरकेना. बाई खांद्याशी उभ्या होत्या.

"बाई, त्यांनी चोरलं नाही. विकायची, बदलायची परवानगी मीच दिली. आणि तुमच्याशी खोटं बोलले."