सावधानरावांची अंतराळकथा

आमच्या भिंतीपलीकडे सावधानराव राहतात. हे नाव मी ठेवलं आणि अख्ख्या इमारतीने उचललं. मिक्सरच्या, इस्त्रीच्या खोक्यात जो घडी घातलेला कागद निघतो आणि जो आपण न वाचता फेकतो, तो लिहिणं हा त्यांचा धंदा. प्रत्येक कागदाची सुरुवात 'सावधान!' अशी. माणूसही तसाच. जिना उतरतानासुद्धा आधी पायरी चाचपून बघणार.

त्यांच्याकडे त्यांच्या सासूबाई राहतात. त्या जावयाशी थेट बोलल्याचं मी तरी कधी ऐकलं नाही. काय असेल ते मुलीला: "तुझ्या नवऱ्याला म्हणावं, दार लाव." आणि बाईंना वेड कसलं, तर टीव्हीवरच्या अंतराळ मालिकेचं! रोज संध्याकाळी आवाज एवढा, की मालिका त्यांच्या घरात आणि यान आमच्या घरात. सावधानराव तेवढा वेळ स्वयंपाकघरात भांडी घासतात. बाहेर यायची छाती नाही.

तर झालं असं, त्यांच्या कंपनीने त्या मालिकेच्या नावावर मुलांसाठी टॉर्च काढला. मालक म्हणाले, माहितीपत्रकाची मागची बाजू कोरी आहे, तिथे मालिकेतल्या कॅप्टनची एक गोष्ट टाका. झालं! स्वारी हवेत. छापून आल्याबरोबर आमच्या दारात.

"वहिनी, आता तरी त्या मला माणसात धरतील."

मी वाचली. दूध उतू जायला याहून जास्त वेळ लागतो. पहिल्या ओळीत यान बिघडतं, दुसरीत दुरुस्त होतं. कसं, ते यानालाही कळत नाही. कॅप्टनचा जिवलग मित्र मरतो, तेव्हा कॅप्टन काय करतो? टॉर्च कोरड्या, मऊ कापडाने पुसतो! मग सेल योग्य दिशेने बसवतो, झगझगीत प्रकाशाने शत्रूंचे डोळे दिपतात, शत्रू पळतात. संपली.

"छान आहे हो. आटोपशीर," मी म्हटलं. हसू दाबताना बरगडी मोडायची तेवढी राहिली. निकाल ऐकायला मी मागोमाग गेलेच. हातात त्यांचं कालचं वर्तमानपत्र, परत द्यायच्या निमित्ताने.

सासूबाईंनी चष्मा चढवला, कागद खिडकीकडे धरला.

"कुणी लिहिलंय हे?"

"मी," सावधानराव दाराला चिकटून म्हणाले.

"अहो, त्या शत्रूंना डोळेच नाहीत! पहिल्या भागापासून नाहीत. वासावर चालतात ते. मग दिपलं काय? नाक?"

"आई, जरा हळू," मुलगी म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस. इथे मित्र मेलाय आणि हा बाबा टॉर्च पुसतोय! घरात रोज मालिका चालते, तुम्ही असता कुठे?"

"भांडी घासत."

मुलीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. बाई जावयाला थेट झापत होत्या, तेही 'तुम्ही' म्हणून! सावधानरावांच्या मात्र ते लक्षातही आलं नाही. चेहरा पाण्यात पडलेल्या पुठ्ठ्यासारखा.

"उद्या भांडी राहू देत. इथे बसायचं, माझ्या शेजारी," बाईंनी हुकूम सोडला.

दुसऱ्या दिवशी मी माझी खुर्ची भिंतीलगत ओढली. संगीत धडाडलं, यान उडालं, बॉम्ब फुटले, आणि त्या सगळ्या गदारोळात एक वेगळीच घरघर सुरू झाली. सावधानराव घोरत होते! आता बाई ओरडणार म्हणून मी भिंतीला कान लावला.

मालिकेचा आवाज कमी झाला. मग आणखी कमी. इतका, की त्या बिनडोळ्यांच्या शत्रूंचं पुढे काय झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही.