गावदेवाच्या खाली बांधलेली टाकी

त्या दिवशी तळ्याकाठच्या टेकडीवर आम्ही एवढे जण होतो: सरपंच, पाणी योजनेचा साहेब, आमचा भगत, माझा थोरला मुलगा, वरच्या पाड्यात दिलेली माझी नणंद आन् मी. नोटा बंद झाल्या, त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट.

तळं आमच्या पायाशीच, पण घरात पाणी यायचं ते डोक्यावरून. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हंडे वाहिले. आमचा पाडा टेकडीच्या मध्यावर, नणंदेचा माथ्याजवळ. तिला माझ्याहून दुप्पट चढण.

साहेब म्हणाला, "टाकी माथ्यावर बांधू. मोटरने पाणी वर चढवायचं, मग दोन्ही पाड्यांना आपोआप उतरेल."

माथ्यावर आमचा गावदेव. शेंदूर लावलेला दगड, वर छप्पर पण नाय. टाकी त्याच्या मागे, त्याहून उंच होणार होती. भगताने नुसते देवाला हात जोडले. सरपंच मला म्हणाले, "आजी, तुम्ही सगळ्यात जुन्या. बोला."

मी बोलले, "टाकी धुवायला कोणी चपला घालून देवाच्या डोक्यावर चढलेलं मला नाय चालायचं. खाली घ्या."

"मावशी, खाली घेतली तर पाइप वाचून तुमच्या दारोदार नळ येतील, पण वरच्या पाड्याला मोटरच्या जोरावर पाणी जेमतेम चढेल," साहेबाने समजावलं.

"जेमतेम तर जेमतेम. चढेल ना?"

नणंद माझ्याकडे बघत होती. चार माणसांत भावजयीला उलटं कशी बोलणार? पदर तोंडाला लावून उभी राहिली.

टाकी खाली झाली, आमच्या पाड्याच्या जरा वर. पाणी सोडलं तेव्हा माझ्या दारातल्या नळाला ही जोराची धार. मी हात लावून लावून बघत बसले. वरच्या नळातून नुसती हवा सुसकारत होती.

नणंद हंडा घेऊन माझ्या दारात यायला लागली. एका सणाला मी म्हटलं, "बाय, चहा पिऊन जा."

"नको वयनी, देवाची आंघोळ राहिलीय. त्याला पण तुझ्याच नळाचं पाणी न्यायचंय." बोलली हसतच. मी हंडा उचलून तिच्या डोक्यावर दिला आन् आत गेले.

चढताना ती मध्ये दोनदा बसते. मी ओट्यावरून बघते. त्या दिवशी देवासाठी बोलले का दारात नळ येईल म्हणून, मलाच नीट सांगता येत नाय. गुडघे माझे पण दुखत होते तेव्हा.

मुलगा पाणी योजनेच्या ऑफिसात जाऊन आला. टाकी परत बांधून मिळत नाय म्हणतात. पण मोटर चालू असताना खालचे सगळे नळ बंद असले की वर करंगळीएवढी धार येते. म्हणून मी घरोघर ओरडत फिरते, "नळ बंद करा गं!" पोरी म्हणतात, "आली बघ, नळाची फौजदारीण." म्हणू देत.

तुम्ही आमच्याकडे आलात तर पोटभर पाणी प्या, हातपाय धुवा. मग तेवढा नळ घट्ट बंद करा. वर माझी नणंद हंडा लावून बसलेली असते.