अर्जदाराचा चेहरा स्पष्ट दिसत नाही

सुलभा अनंत पष्टे, किन्हवलीतल्या तुझ्या संगणक वर्गाला इंटरनेटची जोडणी अखेर मिळाली नाही. तुझ्यामागे वर्ग मी चालवणार होतो आणि जागामालकांनी जोडणी घेऊन वर्ग सुरू करायला आजपर्यंतची मुदत दिली होती.

वाचक मंडळी, जोडणीचा अर्ज सुलभाच्या नावावर होता. सकाळी मुरबाडहून तंत्रज्ञ आला. त्याने तार ओढली, राउटर बसवला, तरी जोडणी सुरू होईना. बिघाडाचे निदान आता कंपनीची कृत्रिम बुद्धिमत्ता करते. तिने त्याच्या मोबाइलवर कळवले की अर्जदाराचे ताजे छायाचित्र हवे.

मी पत्नीच्या, सुलभाच्या, मृत्यूचा दाखला पुढे केला. तंत्रज्ञाने त्या दाखल्याचाच फोटो पाठवला. उत्तर आले, "चेहरा स्पष्ट दिसत नाही. कृपया अर्जदारास उजेडात उभे करा."

"माझ्या नावाने नवा अर्ज घ्या," मी म्हणालो.

"नाय घेत, काका. या पत्त्यावर जुना अर्ज चालू हाय. तो बंद करायला पण बाईंचाच चेहरा मागते. बाई वारल्या असं मी लिहिलं, तर धन्यवाद बोलते."

"मग साहेबांना विचारा."

"साहेब पण मशीन बघूनच सांगतात, काका."

ज्यांनी माणसे हटवून हे यंत्र बसवले, त्यांना मी क्षमा करणार नाही. मृत्यूला जे अस्पष्ट छायाचित्र समजते, त्याला निदानाचा अधिकार कोणी दिला? आपणांपैकी कोणास ठाऊक असल्यास कृपया लिहावे.

दुपारी वर्गाच्या दाराला कुलूप लावले आणि किल्ल्या जागामालकांना परत केल्या.