आधी शालिनीताईंना, मग मला

डॉक्टर शालिनीताई गेल्या ही बातमी मला माझ्या मुलीकडून कळली, आणि तीही सगळ्या जगाला कळून झाल्यावर. मी शाळेत चौथीचे पेपर तपासत बसले होते. सईचा फोन आला. "आई, शालिनीताई गेल्या गं. पुण्याला, मुलाच्या घरी... सकाळी झोपेतच." मी विचारलं, तुला कधी कळलं? तर म्हणे दहा वाजता. तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. म्हणजे चार तास माझी अकरावीतली लेक कॉलेज सोडून त्यांच्या बंद दवाखान्याच्या पायरीवर बसून तिथल्या नर्सबाईंच्या खांद्यावर रडत होती, आणि आई आठवली ती दोनला. एवढी भली बाई गेली आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? "गेल्यावरही पहिला नंबर हिचाच!" लिहायला लाज वाटते. पण शालिनीताईंवर लिहायचं आणि हे गाळायचं, तर बाकीचं सगळंच खोटं ठरेल.

शालिनीताई आमच्या महाडमधल्या लहान मुलांच्या डॉक्टर. सात वर्षांपूर्वी सई चौथीत होती, माझ्याच शाळेत. आरोग्य तपासणीला आलेल्या लोकांनी तिच्या हातात चिठ्ठी दिली, वजन वयाच्या मानाने फार जास्त, डॉक्टरांना दाखवा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. खात्यापित्या घरची पोर, अंगानं जरा भरलेली, त्यात काय एवढं! पण जिना चढताना तिला धाप लागायची हे खरं होतं, आणि तिची मान मागून काळी पडत चालली होती. ती मी मळ समजून रोज डाळीचं पीठ लावून घासत होते. शालिनीताईंनी मान पाहिली आणि म्हणाल्या, "बाई, हा मळ नाही. वजनामुळे पडलेला काळेपणा आहे, घासून जाणार नाही. रक्त तपासून घेऊ, आणि पुढच्या वेळी सगळ्यांना घेऊन या. घरात जो जो जेवतो, तो प्रत्येक जण."

माझ्या सासूबाई पोलादपूरच्या, आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाडीतल्या. त्यांनी पायच आपटला. "पोरगी जाडी हाय, तर मी कशाला येऊ गो? मला काय झालाय?" कसंबसं नेलं. तिथे ताईंनी त्यांनाच पहिलं गाठलं. "आजी, घरात ताटं कोण वाढतं?" सासूबाई ताठ बसून म्हणाल्या, "मीच." "मग उपचार तुमच्यापासूनच सुरू." नंतर आमच्या ह्यांच्याकडे वळल्या. हे बिरवाडीजवळच्या कारखान्यात, शिफ्ट संपवून येताना रोज फरसाण नाहीतर वेफर्सची पुडी हातात. "साहेब, आधी तुम्ही चढा काट्यावर." हे पोट आत ओढून काट्यावर चढले आणि सई खुदकन हसली. किती महिन्यांनी हसली होती! तिचं वजन मात्र ताईंनी कधी चारचौघांत मोठ्यानं सांगितलं नाही.

ताईंनी नियम घालून दिले. सईसाठी वेगळं काही शिजवायचं नाही, जे तिच्या ताटात तेच सगळ्यांच्या ताटात. फरसाण सईनं खायचं नाही असं नव्हे, ते घरातच आणायचं नाही. टीव्हीसमोर जेवायचं नाही. शाबासकी म्हणून खाऊ द्यायचा नाही. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून चवदार तळ्याला फेरी मारायची, आजींनीसुद्धा. आणि 'जाडी' हा शब्द घरात कुणी उच्चारायचा नाही. "वजन उतरवायची घाई नाही," त्या म्हणाल्या, "पोर उंच होतेय. वजन आहे तिथे थांबलं तरी पुष्कळ."

आणि घर बदललं हो! सासूबाई नाचणीच्या भाकऱ्या थापू लागल्या, हे रिकाम्या हातानं घरी येऊ लागले. पण सगळं कुणाच्या शब्दावर? "शालिनीताईंनी सांगितलंय." नऊ वर्षं मी पालेभाजी खा, पालेभाजी खा म्हणून घसा कोरडा केला, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. या बाईंनी एकदा सांगितलं आणि सई माठाची भाजी मागून घेऊ लागली. एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गिळलं असतं. एका भेटीत त्यांनी मला आत बोलावून सांगितलं की सईला वर्गातल्या मुली भोपळा म्हणतात, म्हणून ती मधल्या सुट्टीत बाहेरच पडत नाही. माझ्या शाळेत! दोन वर्ग सोडून मी शिकवत असते! आणि ते पोरीनं मला नाही, त्यांना सांगितलं. पोटात दुखणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

मग मी एक उद्योग केला. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की सई आणि मी एसटीने पोलादपूरला माझ्या आईकडे जायचो. स्टँडवर उतरलं की समोर गरम वड्यांचा घाणा चालू. एका शनिवारी मी तिला दोन वडापाव घेऊन दिले. "बाबांना सांगायचं नाही, आजीला नाही. शालिनीताईंना तर मुळीच नाही." सईनं घास घेतला आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. ती तेवढा वेळ माझी होती, फक्त माझी. पुढचे दोन अडीच महिने एकही शनिवार मी चुकवला नाही. शिकलेली बाई मी, दुसऱ्यांच्या पोरांना शहाणपण शिकवणारी...

पुढच्या भेटीत वजन वाढलेलं. ताईंनी हळूच विचारलं, "सई बाळा, काही वेगळं खाणं झालं का गं?" सईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मी मैत्रिणींच्या डब्यातलं चोरून खाल्लं." हे तिच्यावर खेकसले. सासूबाई म्हणाल्या, "चोरी करतंस गो? आमच्या घरात कुनी केली नाय!" आणि मी भिंतीवरच्या उंचीच्या पट्टीकडे बघत उभी राहिले. ताईंनी सगळ्यांना बाहेर पाठवलं, मला थांबवलं. "डबा नव्हे ना, बाई?" मग मी सगळं सांगितलं. वडे सांगितले, आणि हेही सांगितलं, "ती तुमचीच होऊन बसलीय हो. मला माझी हवी होती."

मला वाटलं आता झडतील चार शब्द. त्या म्हणाल्या, "ती आत्ता तुमच्यासाठी खोटं बोलली. तुमच्यासाठी ओरडा खाल्ला. माझ्यासाठी बोलेल? माझा मुलगा पुण्याला असतो, तो माझ्यासाठी साधा फोन करत नाही. हेवा मी करायचा बाई, तुम्ही नव्हे." मग म्हणाल्या, "घरी जाऊन तिच्यावरचा आळ तेवढा काढा. ते काम माझं नाही."

वडे त्या दिवसापासून बंद झाले. आळ मात्र मी काढला नाही. आज सांगते, उद्या सांगते... सासूबाईंसमोर तोंड उघडेना. सईची धाप गेली, मान उजळली, आठवीत ती शाळेच्या खो-खोच्या संघात होती. पण डब्यातला लाडू कमी दिसला की सासूबाई अजून हसत म्हणायच्या, "चोरटी कुटं गेली बगा." सईही हसायची. मी डब्याचं झाकण लावून टाकायचे.

ताईंना जाऊन आज तीन आठवडे झाले, आणि आज जेवताना मी वड्यांचं सगळं सांगून टाकलं. हे चावायचे थांबले. सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "इतकी वर्सं मी पोरीला चोर म्हनतेय, आनि तू बसून ऐकतेस?" सई तेवढी शांत होती. म्हणाली, "शालिनीताईंना मी तेव्हाच खरं सांगितलं होतं, आई. पुढच्याच महिन्यात." बघा, तेही आधी त्यांनाच! "त्या म्हणाल्या, आईला वेळ दे, ती सांगेल. मग दर वेळी मला विचारायच्या, सांगितलं का आईनं? मी म्हणायचे, अजून नाही."

मी हातातला घास ताटात ठेवला. कारण दर भेटीला सई चपला घालायला पुढे गेली की ताई दाराशी मलाही विचारायच्या, "बाई, घरी बोलणं झालं?" आणि मी म्हणायचे, "हो, झालं ना." जवळजवळ सात वर्षं. खोटं आहे हे ठाऊक असून ती बाई मान डोलवायची, आणि पुढच्या खेपेला पुन्हा विचारायची.

झालं बोलणं, ताई. आज झालं.