पेरो म्हणजे पण

किस्से काही कोणी ठरवून गोळा करत नाही. होस्टेलच्या ड्रॉवरमध्ये चार्जरच्या वायरी साठतात तसे ते साठतात. एक ओढायला जावं, तर पाच बाहेर येतात! आमच्या एम.बी.ए.च्या बॅचचं तसंच झालंय. आम्ही नगरला एचआर शिकत होतो आणि सोबत स्पॅनिश. आता दोघं जरी कुठं भेटलो, तरी चहा येईपर्यंत तीन किस्से होतात.

आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव 'ओला गँग'. ओला म्हणजे स्पॅनिशमध्ये नमस्कार. माझ्या राहुरीच्या आत्याने ते मोबाईलवर वाचलं आणि गंभीरपणे विचारलं, "मग सुक्या कचऱ्याची गँग वेगळी हाय का गं?"

*

आधी हे सांगते की आम्ही स्पॅनिशला गेलोच का. कॉलेजने फतवा काढला होता की एचआरवाल्यांनी एक परदेशी भाषा घ्यायचीच. जर्मनच्या जागा पहिल्याच दिवशी भरल्या. जपानी अक्षरं बघूनच आम्हाला घाम फुटला. शेवगावचा तुषार नोटीस वाचून म्हणाला, "स्पॅनिशला आपली ए बी सी डीच हाय. उरकून टाकू!"

एवढ्या उदात्त विचाराने आम्ही चौदा जण मुळे मॅडमच्या वर्गात जाऊन बसलो.

मॅडम मूळच्या नगरच्याच. घरात तीन पिढ्या शिक्षकी, त्यामुळे उच्चार चुकला की त्यांना खरोखर दुखायचं. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'मि कासा'. म्हणजे माझं घर. मग तुषारला उभं करून वाचायला लावलं.

तुषारने घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "मी कसा?"

मागच्या बाकावरून उत्तर आलं, "आडदांड!"

मॅडमनी डोळे मिटून घेतले. पुढे दोन वर्षं त्यांनी ते बऱ्याचदा मिटले.

*

माझी रूममेट प्रतीक्षा. पुणतांब्याची, घरी पेरूची बाग. अभ्यासात एक नंबर, वही तर अशी की झेरॉक्सला रांग लागायची. तिला एचआरच करायचं होतं, आणि तेही कारखान्यात, जिथं शिफ्ट बदलते आणि माणसं भांडतात तिथं. पण तिच्या काकांनी तालुक्याच्या पतसंस्थेत तिच्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून धरतात ना, तशी! घरी ठरलं होतं की रिझल्ट लागेपर्यंत कंपनीत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर गुमान त्या खुर्चीवर बसायचं.

आता अडचण एकच. लेखी कितीही द्या, पण बोलायची वेळ आली की बाईसाहेबांच्या तोंडाला कुलूप! पहिल्या तोंडी परीक्षेत मॅडमनी विचारलं, तुझं नाव काय? एवढंच, बरं का. प्रतीक्षा लाल झाली, पांढरी झाली आणि शेवटी हळूच म्हणाली, "मॅडम, लिहून दाखवू?"

मी तिला सरावासाठी मेसमध्ये बोलायला लावायचे. मेसच्या काकू तिला जवळच्या होत्या, तिथं तिला भीती वाटत नसे. काकूंनी भाकरी वाढली की ती म्हणायची, "ग्रासियास." म्हणजे धन्यवाद. एक दिवस तिने काकूंना 'त्यात काय एवढं' असं उत्तर द्यायला शिकवलं, "काकू, मी ग्रासियास म्हटलं की तुमी म्हणायचं, 'दे नादा'."

काकूंनी तिला बाजूला घेतलं. "अगं मग हळू बोल की! पोरं बसल्यात सगळी!"

संध्याकाळी काकू होस्टेलवर आल्या. पदराखालून सलवारीचा नवाकोरा नाडा काढून प्रतीक्षाच्या हातात दिला आणि वर म्हणाल्या, "लागला तर अजून सांग, लाजू नको."

*

तुषारचं दुखणं वेगळं होतं. तो 'हाय' म्हणायचा. प्रश्न हाय, उत्तर हाय, सर आलेले हायत. आमचे एचआरचे शिंदे सर त्याला दर तासाला थांबवायचे. "तुषार, कॉर्पोरेटमध्ये 'हाय' चालत नाही. आहे म्हण, आहे!" हळूहळू तो एचआरच्या तासाला बोलेनासाच झाला. मला तेव्हा सरांचा राग यायचा, पण माझ्यासुद्धा तोंडून घाईत 'न्हाई' जायचं, म्हणून मी गप्प.

आणि एक दिवस मुळे मॅडमनी फळ्यावर एच, ए, वाय अशी अक्षरं लिहिली. "हा शब्द नीट लक्षात ठेवा. याचा अर्थ 'आहे'. झाड आहे, पाणी आहे, काम आहे."

तुषार उठूनच उभा राहिला. "मॅडम, हे तर 'हाय' हाय!"

"स्पॅनिशमध्ये एचचा उच्चार करत नाहीत, तुषार. 'आय' म्हणायचं."

तुषारने दोन मिनिटं विचार केला. मग म्हणाला, "म्हंजे मॅडम, आमच्याच शेवगावचा कोनीतरी तिकडं गेला असनार. जाता जाता वाटंत ह सांडला!"

त्या दिवशी मॅडम पहिल्यांदा हसल्या. आणि पुढच्या एचआरच्या तासाला हजेरीत नाव आल्यावर तुषार छाती काढून म्हणाला, "हाय, सर! इंटरनॅशनल हाय!"

*

'पेरो'चा धडा तर इतिहासात गेला. पेरो म्हणजे पण. मला यायचं होतं, पेरो बस चुकली. मॅडम बजावत होत्या की र जपून म्हणा, कारण तो जोरात घोळवला की त्याचा अर्थ कुत्रा होतो. पेरो म्हणजे पण, पेर्रो म्हणजे कुत्रा. झालं! आठवडाभर वर्गात प्रत्येक वाक्यात कुत्रा घुसायचा. मला यायचं होतं, कुत्रा बस चुकली.

प्रतीक्षा दर सोमवारी गावाहून येताना पिशवीभर पेरू आणायची. मॅडमनी नुसतं "पेरो..." म्हणून पुढचा शब्द आठवायला थांबावं, की अख्खा वर्ग ओरडायचा, "प्रतीक्षाकडं मिळतील!"

*

शेवटच्या वर्षी पुणे रोडवरच्या एका स्पॅनिश कंपनीची नोटीस आली. एचआर ट्रेनी हवाय, स्पॅनिश येणारा. जागा एकच. प्रतीक्षाने ती नोटीस चार वेळा वाचली आणि जेवलीच नाही.

नोटिशीच्या वर छापलं होतं, 'आर. आर. एच. एच.' शिंदे सरांनी लाल पेन काढलं. "एवढी मोठी कंपनी आणि एचआर उलटं लिहिलंय! तेही दोनदा!" त्यांनी ते खोडून सुवाच्य अक्षरात 'एच.आर.' करून बोर्डावर लावलं.

मुळे मॅडमनी ते पाहिलं आणि सरांना शांतपणे समजावलं. स्पॅनिशमध्ये शब्द अनेकवचनी असला की संक्षेपात त्याचं पहिलं अक्षर दोनदा लिहितात. तिकडं रिसोर्सेस आधी येतात, आणि ते अनेक, म्हणून आर दोनदा. माणसं अनेक, म्हणून एच दोनदा.

सर ओशाळले. तुषार मात्र खूश. "म्हंजे सर, तिकडं एचआरमधी मानूस एकदा दिसला न्हाई तर दुसऱ्यांदा बघत्यात!"

सरांनी यावेळी त्याची भाषा दुरुस्त केली नाही. उलट ते वाक्य वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या बॅचला स्वतःचं म्हणून शिकवलं, असं ऐकते.

*

पहिली फेरी ऑनलाइन होती. मीही दिली, आणि बाद झाले. कशी, तेही सांगून टाकते, नाहीतर तुषार सांगेलच.

समोरच्या बाईंनी प्रेमाने विचारलं, "दिवसभर कॉलेज करून थकला असाल ना?" स्पॅनिशमध्ये थकलेली म्हणजे कान्सादा. आणि विवाहित म्हणजे कासादा. मी हसून, मान डोलावत उत्तर दिलं, "हो, मी खूप म्हणजे खूपच विवाहित आहे. रोज संध्याकाळी तर फार होते!"

प्रतीक्षा पास झाली, कारण त्या फेरीत निम्मे प्रश्न लेखी होते. आता शेवटची फेरी राहिली, समोरासमोर, कंपनीच्या स्पॅनिश मॅनेजरसोबत. आणि तिथं लिहून दाखवायची सोय नव्हती.

*

त्या दिवशी तिचे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, पहाटे पेरूची पिकअप घेऊन नगरच्या मार्केटला आले होते. माल उतरवला आणि आम्हा दोघींना घेऊन थेट कंपनीच्या गेटवर. गाडीत एक कॅरेट त्यांनी मुद्दाम मागे ठेवलं होतं. मी विचारलं, तर म्हणाले, "साहेबाला रिकाम्या हातानं कसं भेटायचं?"

"अण्णा, तुमी भेटायचं नाहीये. मी भेटायचंय," प्रतीक्षा म्हणाली. एवढं बोलून ती आत गेली.

अर्ध्या तासाने बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरूनच मला कळलं. नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि नंतर कुलूप! साहेब थांबले, पाणी दिलं, पुन्हा विचारलं, तरी तोंड उघडेना. शेवटी ते म्हणाले, कळवू.

"कळवू म्हंजे?" अण्णांनी विचारलं.

"म्हणजे काकांना सांगा, खुर्ची पुसून ठेवा," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. मलाही भरून आलं. दोन वर्षं मी तिला पाठ करताना ऐकलं होतं, अगदी आंघोळीला जाता जाता.

तेवढ्यात ते साहेबच गेटकडे आले. उंच, पांढरी दाढी, हातात गाडीची किल्ली. अण्णांना कोणी ओळख करून द्यायची गरजच लागली नाही. ते कॅरेट उचलून थेट समोर गेले. "राम राम साहेब. पेरू!"

साहेब थांबले. या गृहस्थाने 'पण' असं म्हटलंय, म्हणजे पुढे काहीतरी तक्रार असणार. त्यांनी नम्रपणे विचारलं, "पेरो के?" म्हणजे, पण काय?

अण्णांचा चेहरा उजळला. "व्हय व्हय, पेरू! पेरू हाय!"

"पेरो आय..." साहेब कपाळाला आठ्या घालून म्हणाले. पण आहे... "पेरो आय के?" पण काय आहे?

अण्णा माझ्याकडे वळले. "बघ! ह्यांना मराठी येतंय की! उगं पोरीला स्पॅनिशमधी छळलं!" आणि साहेबांना अजून मोठ्याने, "पेरू! लई गोड पेरू!"

साहेबांनी हात जोडले. "पेरो, पेरो, पेरो... पेरो के?"

आणि माझ्या शेजारी रडणारी प्रतीक्षा एकदम खो खो हसत सुटली. हसता हसता पुढे धावली. "पेर्दोन, सेन्योर! पेरू नो एस पेरो! एस फ्रुता!" आणि मग जे कुलूप उघडलं म्हणता! हे माझे वडील, हे आमच्या बागेचं फळ, त्यांना 'पण' म्हणायचंच नाहीये, ते कधीच 'पण' म्हणत नाहीत. व्याकरण पार आडवं झालं होतं, पण ती थांबेना.

साहेब पोट धरून हसले. मग त्यांनी विचारलं, तोडणीला बायका किती? त्यांचं कोण बघतं?

"मी. दहावीपासून," ती म्हणाली, सगळं स्पॅनिशमध्ये. सतरा जणी आहेत. दोघींचं एकमेकींशी पटत नाही, त्यांना वेगळ्या ओळी द्यायच्या. एकीचं बाळ लहान आहे, तिला सावलीची ओळ. जी रुसून घरी बसते तिला निरोप पाठवायचा नाही, स्वतः जायचं.

साहेब हसायचे थांबले. त्यांनी कॅरेटमधला एक पेरू उचलला, रुमालाला पुसला, खाल्ला. सावकाश, पूर्ण खाल्ला. मग प्रतीक्षाकडे बघून म्हणाले, "लुनेस. अ लास नुएवे."

प्रतीक्षाने तोंडावर हात ठेवला.

"काय म्हनत्यात?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा," ती डोळे पुसत म्हणाली, "सोमवारी नऊ वाजता यायला सांगतायत."

अण्णांनी मान हलवली. "सोमवारी न्हाई जमायचं म्हनावं, सोमवारी तोड नसती. मंगळवारी दोन कॅरेट आनतो!"