कटकाकूंचं अंतराळयान

कटकाकू कोणाचंही बोलणं मध्येच तोडत. पाणी सोडणाऱ्या माणसाची तक्रार असो, सोसायटीच्या अध्यक्षांचं भाषण असो, की कोणाच्या सुनेचं कौतुक, त्यांना पुरे वाटलं की उजवा तळहात आडवा धरून त्या म्हणत, "कट. हे मागच्या महिन्यात झालंय." समोरचा माणूस गप्प व्हायचा. रागावायलाही त्याला वेळ मिळत नसे, कारण काकू तोवर पुढच्या विषयावर गेलेल्या असत.

आम्ही मुलं आधी त्यांना कटकटकाकू म्हणायचो. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत त्या तळमजल्यावर एकट्या राहत. एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी सगळी नोकरी काढली होती. मुलांना भिंगं, लोलक, तारा, बॅटऱ्या मांडून द्यायच्या आणि मोडलेलं दुरुस्त करायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन त्या घरी बसल्या. त्यांच्या खिडकीखाली आमचं क्रिकेट चालायचं आणि त्या खिडकी उघडून कटकट करायच्या. मग एका उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी कोणाकडून तरी वापरलेला कॅमेरा विकत आणला, आणि आम्ही ठेवलेल्या नावातला एक "कट" आपोआप गळाला.

सिनेमा काढायचा होता त्यांना. तोही अंतराळातला. जिन्यात कागद चिकटवला होता : "बालचित्रपटासाठी मुले हवीत. अभिनय येत असल्यास येऊ नये." आम्ही सोळा जण गेलो. त्यांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, "घरी कोणाशी भांडतोस?" मी आणि माझा भाऊ निखिलदादा खोलीच्या दोन टोकांना उभे होतो. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "आम्ही भांडत नाही. आम्ही बोलतच नाही."

"किती दिवस?"

"चार महिने."

काकूंनी चष्मा काढून पुसला. "छान. बहीण-भावाची कामं तुम्हीच करायची."

ते चार महिने खरे होते. दादा दहावीच्या क्लासला दांडी मारून मैदानावर जायचा. मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि एकदा जेवताना बाबांसमोर ते बोलून गेले. मुद्दाम बोलले, हे आता कबूल करते. त्यानं माझी सायकल न विचारता नेली होती. बाबांनी त्याची बॅट कपाटात टाकून कुलूप लावलं. पुढच्याच आठवड्यात निवडीचा सामना होता. तो त्याला खेळता आला नाही. त्यानंतर घरात "आई, तिला सांग मीठ दे" आणि "आई, त्याला सांग मीठ समोरच आहे" एवढंच चालायचं.

काकूंच्या सिनेमाचं नाव होतं "चल, तुझा डाव". सतत भांडणाऱ्या बहीण-भावाला माळ्यावर एक जुना पट सापडतो. कवड्या टाकल्या की पटावर अक्षरं उमटतात आणि तसंच घडतं. पहिल्याच डावात त्यांचं घर पाया सोडून आकाशात उडतं. पुढं उल्का, बिघडलेला यंत्रमानव, एक परग्रह. परत यायचं तर दोघांनी मिळून खेळ पुरा करायचा, आणि तेच तर त्यांना जमत नसतं.

पटासाठी त्या आम्हाला कसबा पेठेत घेऊन गेल्या. तिथल्या एका तांबटाकडून त्यांनी तांब्याचा जाड पत्रा चौकोन चौकोन ठोकून घेतला. तो म्हणाला, "पॉलिश करून देतो, आरशासारखा होईल." काकू म्हणाल्या, "आरसा घरी आहे. मला काळा पडलेला हवाय." घरी आल्यावर त्यांनी चिंचेच्या कोळात ब्रश बुडवला आणि काळ्या पत्र्यावर एक अक्षर काढलं. तेवढंच लखलखीत निघालं. थोडं काढायचं, कॅमेरा चालवायचा, थांबवायचा, पुन्हा थोडं काढायचं. पडद्यावर पाहिलं तर अक्षरं आपोआप उजळत होती. आम्ही टाळ्या वाजवल्या. "टाळ्या चिंचेला वाजवा," काकू म्हणाल्या.

त्यांच्याकडं सगळ्याची अशीच युक्ती होती. काळ्या चादरीला दाभणानं भोकं पाडून मागं दिवा लावला की तारे. माझ्या दोन वेण्यांत तार घालून त्या उभ्या केल्या की गुरुत्वाकर्षण गेलं. वॉशिंग मशीनच्या खोक्याला कुकरची शिट्टी बसवली की यंत्रमानव. उल्का म्हणजे काळे रंगवलेले बटाटे. शिडीवर बसलेली पोरं ते टाकायची. एक बटाटा दादाच्या कपाळावर बसला आणि चांगलं टेंगूळ आलं. मला हसू आवरेना. काकू म्हणाल्या, "हसू नकोस, पुढच्या प्रसंगात टेंगूळ लागणारच होतं. मेकअप वाचला."

परग्रहासाठी आम्ही भर मे महिन्यात बसनं खडकवासल्याला गेलो. धरणाचं पाणी मागं हटलं होतं आणि तळाची भेगाळलेली माती उघडी पडली होती. सकाळपासून दुपारपर्यंत त्या मातीवर आम्ही आठ जण हेल्मेट घालून चालत होतो. काकूंच्या डोक्यावर ओला पंचा होता. तिथं शूटिंग बघायला जमलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "काय चाललंय हे?" काकूंनी कॅमेऱ्यातून डोळा न काढता सांगितलं, "मंगळावर आहोत. आपण मध्ये आलात."

हे सगळं होत असताना मी आणि दादा काकूंनी लिहिलेलं तेवढंच एकमेकांशी बोलायचो. त्या "कट" म्हणाल्या की आमची तोंडं पुन्हा दोन दिशांना.

मग तो प्रसंग आला. कथेत बहीण चिडून भावाला म्हणते, "तू नसतास तर बरं झालं असतं." खेळ तिचं ऐकतो आणि भाऊ नाहीसा होतो. काकूंच्या बैठकीच्या खोलीत दुपारी पडदे लावून, पट मध्ये ठेवून आम्ही समोरासमोर बसलो. मी तोंड उघडलं आणि वाक्य बाहेर येईना. पुन्हा घेतलं. "तू नसतास" इथवर आले आणि अडखळले. सहा वेळा झालं, आठ वेळा झालं. शिडीवरची पोरं कंटाळून खाली उतरली.

काकूंनी सगळ्यांना अंगणात पाठवलं. आम्ही तिघंच उरलो. त्या माझ्याशेजारी सतरंजीवर बसल्या. "अवघड आहे ना?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "असंच पाहिजे. काही माणसं सहज बोलून जातात." एवढं बोलून त्या उठल्या आणि कॅमेऱ्याची काच पुसायला लागल्या. बराच वेळ पुसत होत्या.

तेव्हा दादा बोलला. पाच महिन्यांनी, थेट माझ्याकडं बघून. "म्हण ना. मला नाही लागणार."

मी म्हटलं. एका दमात म्हटलं आणि रडायला लागले. काकू "कट" म्हणायला विसरल्या. सिनेमात तो प्रसंग आहे तसाच आहे. शेवटी माझ्या खांद्यावर दादाचा हात दिसतो, जो कथेप्रमाणे तोवर नाहीसा व्हायला हवा होता. अध्यक्षांनी नंतर ही चूक दाखवली. काकू म्हणाल्या, "दिसली का? बरं झालं. राहू दे."

जूनमध्ये सोसायटीच्या हॉलमध्ये संध्याकाळी सिनेमा दाखवायचं ठरलं. काकूंचं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं, म्हणून निमंत्रणाचे लिफाफे दादानं लिहिले. त्यातला एक भोरला जायचा होता. त्यावर काकूंच्याच आडनावाच्या माणसाचं नाव होतं. दादानं विचारलं, "कोण हे?" काकू म्हणाल्या, "बाळ्या. माझा धाकटा भाऊ." आम्हाला त्यांना भाऊ आहे हेच माहीत नव्हतं.

त्या दिवशी काकू राखाडी काठाची साडी नेसल्या होत्या. पहिल्या रांगेत आपल्या शेजारच्या खुर्चीवर त्यांनी पर्स ठेवली. कोणी बसायला आलं की म्हणत, "धरलीये." सिनेमा चाळीस मिनिटांचा होता. पोरं ओरडली, आया हसल्या, चक्क बाबांनी डोळे टिपले. शेवटी दिवे लागले तेव्हा खुर्चीवर पर्स होती. काकूंनी ती उचलली, खांद्याला लावली आणि सगळ्यांना चिवडा वाटायला गेल्या.

घरी जाताना जिन्यात दादा मला म्हणाला, "पत्ता आठवतोय मला."

पुढच्या रविवारी आम्ही स्वारगेटहून एसटीनं भोरला गेलो. आईला खरं ते सांगितलं होतं. तिनं पोळीभाजी बांधून दिली आणि पाचच्या आत घरात पाहिजे म्हणून बजावलं. बाळ्याकाका साठीच्या आसपासचे, काकूंसारखंच धारदार नाक. आम्ही सिनेमाची डीव्हीडी पुढं केली. "तिनं पाठवलं?" त्यांनी विचारलं.

"नाही. त्यांना माहीत नाही," दादा म्हणाला.

त्यांनी ती लावली आणि उभ्या उभ्याच बघायला लागले. पट दिसल्यावर बसले. माझ्या त्या वाक्याला त्यांनी सिनेमा थांबवला. आणि स्वतःच बोलायला लागले.

"आमची आई आजारी होती. मी ताईच्या कॉलेजात फोन केला. तिथं प्रॅक्टिकलच्या परीक्षा चालू होत्या. ती म्हणाली, दोन दिवसांत येते. आई दुसऱ्या दिवशी गेली. तेराव्याला सगळ्या नातेवाइकांसमोर मी म्हटलं, झाली का पास आई तुझ्या परीक्षेत? ती पानावरून उठून गेली. एकोणीस वर्षं झाली." त्यांनी पडद्याकडं हात केला. "लहानपणी आम्ही असाच पट खेळायचो. ही कवड्या लपवायची."

"मग तुम्ही आला का नाहीत?" मी विचारलं. बारा वर्षांच्या मुलीलाच असं विचारता येतं.

"स्वारगेटपर्यंत आलो होतो," ते म्हणाले. "काय बोलायचं ते सुचेना. परतीची गाडी धरली."

आम्ही परत आलो आणि काकूंना सगळं सांगून टाकलं. त्या इतक्या चिडल्या की "कट"सुद्धा म्हणाल्या नाहीत. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" एवढं बोलून त्यांनी दार लावलं. आठवडाभर खिडकीही उघडली नाही. आम्ही मुद्दाम खिडकीखाली खेळलो, आरडाओरडा केला; काही नाही. मला वाटलं, आपण पुन्हा एकदा नको ते बोलून बसलो. दादा म्हणाला, "या वेळी दोघं मिळून बोललोय." ते ऐकून जरा बरं वाटलं.

रविवारी सकाळी बाळ्याकाका फाटकातून आत आले. हातात पिशवी होती. आम्ही दोघं जिन्याच्या कठड्याआडून बघत होतो. त्यांनी बेल वाजवली. काकूंनी दार उघडलं. बाळ्याकाकांचे ओठ हलले, पण आम्हाला काही ऐकू आलं नाही. त्यांनी काय बोलायचं ठरवून आणलं होतं ते मला आजही माहीत नाही. काकूंनी मध्येच हात आडवा धरला आणि खाली बघत म्हणाल्या, "चपला बाहेर काढ. आत्ताच फरशी पुसलीये."

दार बंद झालं. दोन तासांनी आतून भांडण ऐकू आलं : कवड्या कोण लपवायचं, यावरून. आई जिन्यात आली, ऐकलं आणि म्हणाली, "चला, वर चला. त्यांचं चांगलं चाललंय."

पुढं काही वर्षांनी काकू न्हाणीघरात पडल्या आणि खुबा मोडला. बाळ्याकाका त्यांना भोरला घेऊन गेले. निघताना मी गाडीपाशी रडत होते. त्या म्हणाल्या, "रडायचंय तर उजेडात येऊन रड. सावलीत काही दिसत नाही." दादा तेव्हा इंजिनिअर होऊन हैदराबादला गेला होता. सुट्टीत आला की आम्ही दोघं भोरला जायचो. काकू आणि बाळ्याकाकांची दिवसभर कुरबूर चाललेली असायची. भाजीत मीठ, पंख्याचा वेग, पेपर आधी कोणी वाचायचा.

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. दादा हैदराबादहून पहाटे पुण्याला उतरला आणि आम्ही तसेच भोरला गेलो. विधी आटोपून लोक पांगले होते. बाळ्याकाका एकटे बसले होते. त्यांनी आम्हाला जवळ बसवलं.

"काल सकाळी चहा दिला," ते सांगू लागले. "एक घोट घेतला आणि म्हणाली, हा चहा आहे की कप विसळलेलं पाणी? मी म्हटलं, आण, दुसरा करतो. आलं जास्त घातलं, उकळू दिला. घेऊन आलो तर मान कलली होती. पाचच मिनिटं गेली असतील मध्ये. तो चहा मग मीच प्यायलो. तिच्याजवळ बसून. चांगला झाला होता."

दादा उठला आणि स्वयंपाकघरात गेला. पातेल्याचा आवाज आला, गॅस पेटल्याचा आवाज आला. मग त्यानं आतून विचारलं, "काका, आलं कुठं ठेवलंय?"

"ताईनं कुठं ठेवलंय देव जाणे," बाळ्याकाका म्हणाले, आणि गुडघ्यावर हात टेकून ते शोधायला उठले.