सहा कॅमेरे आणि तिसरं दार

ये, अशी जवळ बस. आणि तो मोबाईल आधी पालथा ठेव. काल तू मला व्हॉट्सअ‍ॅपवर यादी पाठवलीस. आठ कॅमेरे, सायरन, डिजिटल लॉक. सासूसासरे गावच्या घरी दोघंच असतात, काळजी वाटते, सगळं कबूल. पण शहाणे, यादीत मॉडेल आहे, मेगापिक्सेल आहेत, वॉरंटी आहे. सासूबाईंबद्दल एक अक्षर नाही. त्यांना विचारलंस? नाही ना? वाटलंच मला. आता चहा येईपर्यंत गप्प बस आणि ऐक. यादीचं मग बघू.

मी काही इंजिनीयर नाही. लालबागला आमचं हे कुलपांचं दुकान. हे चाव्या करायचे, मी गल्ल्यावर बसायची. ते गेल्यावर दुकान बंद करायचा सल्ला सगळ्यांनी दिला, म्हणून बंद केलं नाही. कुलपांनंतर कॅमेरे आले. बॉक्समधलं पुस्तक वाचून, वायरी चुकीच्या जोडून, दोन अ‍ॅडॅप्टर जाळून शिकले. आता लोक मला सिक्युरिटीवाल्या मावशी म्हणतात. म्हणून सांगते, या धंद्यातली माझी सगळ्यात मोठी चूक दिनेशच्या घरी झाली.

दिनेश परळचा. वडील गिरणीत होते. चाळ पाडून टॉवर झाला, त्यात हा विसाव्या मजल्यावर. आई एकटी गावाला, कणकवलीच्या पुढे आत. शेजारच्या वाडीत एक बंद घर फोडलं, तांब्याची भांडी नेली. दुसऱ्या दिवशी हा दुकानात हजर.

"मावशी, एकदम फुलप्रूफ पाहिजे. नाहीतर आईला इथे आणतो आणि घराला कुलूप."

"आईचं काय म्हणणं?"

"तिला काय विचारायचं? ती यायला तयारच नाही. मी सांगितलंय, सिस्टीम बसवतो. काही गडबड झाली तर मे महिन्यात सामान बांधायचं."

म्हणजे बघ, परीक्षा कॅमेऱ्यांची आणि ते नापास झाले तर घर सोडायचं त्याच्या आईने, काकींनी.

मी विचारलं, "घराला दारं किती?"

"दोन. पुढचं आणि बाजूचं."

"आई उठते किती वाजता?"

"लवकर उठते."

"लवकर म्हणजे?"

"मावशी, कॅमेऱ्याला काय करायचंय ते?"

इथे मी काकींना फोन लावायला हवा होता. नाही लावला. ऑर्डर मोठी होती. कबूल करते.

कणकवलीचा आमचा ओळखीचा माणूस जाऊन सगळं बसवून आला. सहा कॅमेरे. त्यांना मोशन अलर्ट, म्हणजे समोर काही हललं की दिनेशच्या फोनवर टिंग वाजणार. टू-वे ऑडिओ, म्हणजे दिनेश परळहून बोलला की गावाला पडवीत आवाज येणार. पडवीवर सायरन, छपरावर कोणी चढलं की वाजणारा. बाजूच्या दाराला आतून जाड कडी. आणि पुढच्या दाराला डिजिटल लॉक: चावी नाही, आकडे दाबायचे. दार किती वाजता उघडलं त्याची नोंद फोनवर येते, तिला लॉग म्हणतात. लॉकबरोबर अडीअडचणीसाठी दोन साध्या चाव्याही मिळतात. त्या दिनेशने सुरक्षित राहाव्यात म्हणून परळच्या कपाटात ठेवल्या.

पहिल्या आठवड्यात सायरन अकरा वेळा वाजला. अकराही वेळा माकडं. पहिल्यांदा अख्खी वाडी काठ्या घेऊन धावली. दुसऱ्यांदा चारजण आले. तिसऱ्यांदा शेजारच्या सुमतीकाकींनी गडग्यापलीकडून, म्हणजे दोन घरांमधल्या दगडी बांधापलीकडून, नुसतं ओरडून विचारलं, "वांदर काय गे?" चौथ्यापासून तेही बंद. आमच्या धंद्यात याला फॉल्स अलार्म म्हणतात. खोटी हाक तीनदा मारली की खरीला कोणी येत नाही.

मग लॉग. दिनेश लालबुंद होऊन आला. "मावशी, लॉक हॅक झालंय. एका दिवसात सत्तावीस वेळा उघडलं! मी तीनदा नंबर बदलला. तरी दुसऱ्या दिवशी तेच."

मी लॉग पाहिला. सकाळी सहा दहाला उघडलं. सहा चौदाला परत. अकराला, साडेअकराला. चोर इतका नियमित नसतो रे, म्हटलं. आणि मग, जे पहिल्या दिवशी करायचं ते त्या दिवशी केलं. काकींना फोन लावला.

"नंबर माका ठाऊक आसा," काकी शांतपणे म्हणाल्या. "झील बदलता नि फोन करून सांगता. मगे मी जुनो पुसतंय नि नवो लिवतंय."

"कुठे लिहिता?"

"दाराच्या चौकटीर. खडून. नायतर लोकांच्या लक्षात कसो रवतलो?"

दिनेशने कपाळाला हात लावला. लॉकच्या वरच वीतभर उंचीवर खडूने लिहिलेला नंबर होता आणि सहा कॅमेऱ्यांतला एकही तिकडे बघत नव्हता. सगळे चोराची वाट बघत बाहेर, अंगणा-परसाकडे तोंड करून.

आता लोक म्हणजे कोण, तर वाडी. भजनाची पेटी आणि मृदंग काकींच्या माजघरात, कारण ते घर मधोमध आणि कोरडं. सुमतीकाकींचं विरजण यांच्या फ्रिजमध्ये. पूर्वी चावी तुळशीपाशी असायची, ती वाडीला ठाऊक. चावी गेली, नंबर आला, इतकंच. येणारा प्रत्येकजण उंबऱ्यातून हाक मारायचा, "काकीनू, आसास मां?" काकी आतून ओ द्यायच्या. दिवसातून सत्तावीस वेळा हजेरी. त्याला दिनेश म्हणाला, सिक्युरिटी ब्रीच.

आणि मी? मी काय म्हणाले माहीत आहे? मी म्हणाले, "नंबर बंद कर. फिंगरप्रिंट चालू कर. फक्त आईचं बोट." धंद्याची अक्कल. बोट काय चौकटीवर लिहिता येत नाही.

दोन दिवसांनी सुमतीकाकी विरजण न्यायला आल्या. दार बंद. वाकून खिडकीतून बघतायत, तेवढ्यात वळचणीतून आवाज: "कोण आहे? काय काम आहे?" दिनेश मीटिंगमधून बोलत होता. लहानपणी ज्यांच्या कडेवर बसून हा जत्रेला गेला, त्यांना त्याने काम विचारलं. सुमतीकाकी उलट्या पावली गेल्या. वाडीभर झालं, काकींचं घर आता बोलतं आणि माणसं ओळखत नाही. पेटी-मृदंग दुसऱ्या घरी हलले. विरजणही.

लॉग मात्र काय सुंदर झाला! दिवसाला दोन नाहीतर तीन नोंदी. दिनेश पेढे घेऊन आला. "मावशी, आता फुलप्रूफ." मी दोन खाल्ले. खोटं कशाला सांगू.

एप्रिलमधला मंगळवार, दुपारचे बारा. दिनेशचा फोन. आवाज चढलेला. "मावशी, चोर! दारापाशी आहे, लाईव्ह! तुमच्याकडे लॉगिन आहे ना, बघा!"

टेस्टिंगसाठी दिलेलं लॉगिन माझ्याकडे अजून होतं. उघडलं. खडूच्या नंबरानंतर एक कॅमेरा दाराकडे वळवला होता; तो वरून खाली बघतो, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. डोक्यावर फडकं गुंडाळलेलं कोणीतरी. हातात कोयती. लॉकवर परत परत काहीतरी करतंय. तीनदा चूक झाली की लॉक दहा मिनिटं गोठतं आणि सायरन वाजतो. तो वाजत होता. वाडीतलं कुत्रंसुद्धा उठलं नाही. माकडं असणार, दुसरं काय.

इकडे दिनेश माईकवर: "एऽ! कोण आहे? पोलिसांना फोन केलाय मी!"

ती आकृती दचकली. मागे सरली. मग पायरीवर बसली आणि पदराने तोंड पुसलं.

मी म्हटलं, "दिनेश, गप्प बस."

"अहो, पण कोयती आहे हातात!"

"चोर पायरीवर बसून घाम पुसत नाही रे."

तेवढ्यात त्या आकृतीने वर बघितलं, थेट कॅमेऱ्यात. लालबागच्या दुकानात माझ्या फोनवर आवाज आला, "अरे मेल्या, मी आवस तुझी!"

चोर कसला, त्याची आईच. झालं होतं असं. काजूचा हंगाम. काकी पहाटेपासून बागेत बोंडं गोळा करायच्या, बिया पिळून काढायच्या. कच्च्या बियांचा चीक बोटांना लागतो. कातडी आधी काळी पडते, मग सोलून निघते. त्या दिवशी त्यांच्या बोटांवर ठसाच उरला नव्हता. मशीन कशाला ओळखेल? कोकणात मार्च-एप्रिलमध्ये अर्ध्या बायकांची बोटं अशी असतात. मला हे माहीत नव्हतं असं नाही. माझं माहेर देवगडचं. माझ्या आईचे हात मी काय पाहिले नव्हते? पण बोट विकताना ते आठवलं नाही.

लॉक गोठलेलं, परळहूनही उघडेना. काकींचा फोन आत चार्जिंगला. पाण्याची कळशी आत. चाव्या परळच्या कपाटात. अंगण तापलेलं. काकींना ब्लड प्रेशर. गडग्यापलीकडे पाणी मागायला जावं तर विरजण गेल्यापासून अबोला. स्क्रीनवर त्यांनी खांबाला डोकं टेकलेलं दिसलं.

"सुमतीकाकींना फोन लाव," मी म्हटलं.

"मावशी... माझ्याकडे नंबर नाही त्यांचा."

मेगापिक्सेल पाठ. शेजारणीचा नंबर नाही.

"मग त्या माईकवरून हाक मार. तुझं घर बोलतं ना? बोलू दे."

सायरन बंद करून दिनेश ऑफिसात, काचेच्या केबिनमध्ये उभा राहून ओरडायला लागला. "सुमतीकाकीनू! ओ काकीनू! आवस भायर रवली हा, धावा गे!" पहिल्यांदाच याच्या तोंडून मालवणी ऐकली मी. चार हाका झाल्या. पाचव्याला गडग्यावर डोकं दिसलं.

"आता वळाखलंस काय रे माका?"

"काकी, चुकलंय. धावा."

त्या धावल्या. आधी पाणी पाजलं, मग काकींना सावलीत घेतलं. दाराकडे, लॉककडे बघितलंसुद्धा नाही. घराच्या मागे गेल्या. तिकडे न्हाणीला लागून एक दार होतं, माझ्या यादीत नसलेलं. तिसरं. गडग्यावरची बांबूची कामटी घेतली, फटीतून घातली, आतली खिटी वर उचलली आणि आत. फार तर अर्धं मिनिट. मागच्या कॅमेऱ्यात सगळं स्पष्ट रेकॉर्ड झालं. फुल एचडीत.

ती खिटी अशी उघडते हे वाडीतल्या पोराथोरांना ठाऊक होतं. दिनेशलाही ठाऊक होतं, लहानपणी तोच तसा आत शिरायचा. त्याला त्या दाराला दार म्हणायचं सुचलं नाही, आणि मी दोन ऐकून दोन लिहिलं.

त्याच शनिवारी आम्ही दोघं गावाला गेलो. दिनेशने पहिलं वाक्य टाकलं, "आई, झालं ना? म्हणून म्हणतो, बॅग भर."

काकी काजूबिया निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "थय तुझ्या बिल्डिंगीत लिफ्टीक कार्ड, दाराक बोट. माझा बोट हयच चलणा नाय, थय खयसून चलतला?" मग एक किडकी बी बाजूला टाकून, "आणि दुपारी मी भायर रवलंय तर थय माका पाणी कोण दितला? तुझ्या शेजाऱ्याचा नाव सांग बघू."

विसाव्या मजल्यावर चार फ्लॅट. एकाचंही नाव त्याला सांगता आलं नाही. बॅगेचा विषय तिथेच संपला. पुढे कधी निघाला नाही.

मग मी माझं काम नीट केलं. काकींबरोबर घराला एक फेरी मारली, त्यांच्या चालीने, त्या दाखवतील ते बघत. डिजिटल लॉक काढलं, जुनं कडी-कुलूप परत, चावी तुळशीपाशी. मागच्या दाराला आतून लोखंडी आडणा, म्हणजे आडवा दांडा. झोपताना घालायचा, उठल्यावर काढायचा. सहातला एक कॅमेरा ठेवला, पाणंदीकडे तोंड करून, बोलणं बंद. काकींच्या गळ्यात एक बटण, साध्या बिनतारी डोअरबेलचं. दाबलं की घंटा सुमतीकाकींच्या स्वयंपाकघरात वाजते. सगळ्या सामानात ते सगळ्यात स्वस्त. सायरन काढायला गेले तर काकींनी हात धरला. "ता ऱ्हवांदे." त्याचा स्विच आता त्यांच्या हाताशी असतो. काजूवर माकडं आली की त्या स्वतः वाजवतात. दिनेशने आणलेल्यातलं तेवढं एक यंत्र त्यांना मनापासून आवडलं.

सुमतीकाकींकडे दिनेश नारळ घेऊन गेला. त्यांनी आधी अर्धा तास बोलणी ऐकवली, मग जेवायला वाढलं. निघेपर्यंत विरजण परत फ्रिजमध्ये होतं आणि पेटी-मृदंग माजघरात.

तर हे असं. कुलूप निवडायच्या आधी ते रोज उघडणारा हात बघावा. आणि दारं किती, हे घरात राहणाऱ्या बाईला विचारावं, मुलाला नाही. एवढं शिकायला मला चाळीस वर्षं लागली आणि दोन पेढे.

चहा संपव. तुझ्या सासूबाई पुढच्या आठवड्यात दादरला तुझ्याकडे येतायत म्हणालीस ना? त्यांना घेऊन लवकर ये. नुसती यादी घेऊन आलीस तर पायरी चढू देणार नाही. दिनेशच्या घरचं लॉक बघ, तिथे काउंटरवर स्क्रूने बसवून ठेवलंय. आधी सासूबाईंचं बोट त्यावर लावू. उघडलं तर यादी काढू. नाही उघडलं तर मी, तू आणि त्या, तिघी बसून चहा पिऊ, आणि त्या सांगतील घराला दारं किती ते.